द्रव्याच्या अवस्था : बालवयातील ओळख

चार ते आठ वर्षांच्या मुलांना स्थायू, द्रव आणि वायू यांची ओळख वस्तू हाताळायला देऊन करून देण्याची अध्यापनपद्धती. घरी, बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात ती वापरता येते. रेणूंच्या आकृत्या या वयात वगळाव्यात. आकार कोण टिकवतो, कोण भांड्याचा आकार घेतो आणि कोण दाबला जातो, एवढे तीन प्रश्न पुरतात.

सुरुवात स्थायूपासून करतात, पण मुलांच्या लेखी स्थायू म्हणजे कडक. म्हणून दगडाबरोबर कापूस, स्पंज आणि रुमालही हाती द्यावा. रवा ओतता येतो म्हणून मुले त्याला द्रव म्हणतात. एकाच ताटात रवा आणि पाणी वेगवेगळ्या बाजूंना ओतले, की रव्याचा ढीग राहतो आणि पाणी सपाट पसरते. मग भिंगातून रव्याचा एकच कण दाखवावा.

द्रवासाठी तेच 100 मिली पाणी उभ्या पेल्यात आणि पसरट वाटीत ओतून दाखवतात. उभ्या पेल्यात पाणी जास्त आहे, असे चार-पाच वर्षांचे मूल ठामपणे सांगते. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (1896–1980) यांनी या वयाच्या विचारपद्धतीचा सविस्तर अभ्यास केला. हे उत्तर दुरुस्त करण्याचा आग्रह धरू नये. पाणी पुन्हा मापात ओतून दाखवावे आणि पुढे जावे.

खरी अडचण वायूची. तक्त्यांवर वायू म्हणून धूर किंवा ढग छापलेले असतात, ते चूक आहे: धुरात बारीक घन कण असतात आणि ढगात पाण्याचे थेंब किंवा बर्फाचे कण. हवा दाखवायला सुई नसलेली 20 मिलीची सिरिंज सर्वांत उपयोगी. दट्ट्या 20 च्या खुणेपर्यंत ओढून टोक बोटाने घट्ट बंद करावे आणि दाबावे. जोर लावला की दट्ट्या बराच आत जातो. सोडला की मागे येतो. तीच सिरिंज पाण्याने भरली तर दट्ट्या जागचा हलत नाही. मात्र पाणी भरताना आत बुडबुडा राहिला तर दट्ट्या थोडा सरकतो आणि पाणीही दाबले जाते असे मुले धरून चालतात. म्हणून सिरिंज टोक वर करून धरावी, टिचकी मारून बुडबुडा वर आणावा आणि बाहेर काढावा. फुगे टाळावेत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

अवस्था बदलताना दाखवण्यासाठी शेगडी लागत नाही. शुद्ध खोबरेल तेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. नाशिक-नागपूरकडच्या थंडीत ते घरोघरी बाटलीतच थिजलेले असते. इतर वेळी छोट्या पारदर्शक बाटलीत थोडे तेल घालून ती फ्रिजमध्ये ठेवावी. गोठलेली बाटली मुलाच्या मुठीत दिली की कडेने तेल सुटू लागते. दुसऱ्या तेलाची भेसळ असेल तर ते नीट गोठत नाही. पाण्याची प्लास्टिकची बाटली पाऊण भरून, पातळीवर खूण करून फ्रीजरमध्ये ठेवावी: बर्फ खुणेच्या वर जातो, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. तेल उलट आकसते, त्याला वरून खळगा पडतो. काचेची बाटली वापरू नये, तडकते.

गार पेल्याबाहेरचे थेंब पाहून पेला पाझरतो, असे बहुतेक मुले म्हणतात. स्टीलच्या पेल्यात बर्फ घातलेले कोकम सरबत झाकून ठेवावे आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने टिपावेत. रुमालावर लाल डाग पडत नाही, म्हणजे ते पाणी आतले नव्हे. हा प्रयोग कोकणात किंवा पावसाळ्यात झटकन साधतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात थेंब कमी आणि उशिरा येतात, तेव्हा ओली पाटी वाळताना दाखवणे सोपे पडते.

बाष्प दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी जी मोकळी वाटणारी जागा असते तिथे ते असते. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे थेंब. हे मोठ्यांनी लांबून दाखवावे, कारण वाफेने गंभीर भाजते. संप्लवनासाठी (स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणे) कापूर किंवा डांबराच्या गोळ्या या वयाला देऊ नयेत, दोन्ही पोटात गेल्यास विषारी आहेत.

खाण्याचा सोडा आणि लिंबाचा फेस अवस्थाबदल म्हणून सर्रास दाखवला जातो. ती रासायनिक अभिक्रिया आहे. नवा वायू तयार होतो. पाण्यात मीठ विरघळणे हेही वितळणे नव्हे. तिन्ही अवस्था पक्क्या झाल्यावर दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये एक वाटी पाणी कालवून द्यावे. ठोसा मारला की ते घट्ट होते, बोट हळू बुडवले की वाट देते. मुले ते कोणत्या गटात टाकावे यावर भांडतील, भांडू द्यावे. हे मिश्रण मोरीत ओतू नये, नळी तुंबते.