लॉनवरची तांबडी माशी आणि तिच्या नावाची अडीचशे वर्षांची भानगड

इंग्लंड-युरोपात मार्च-एप्रिल आला की बागेतल्या लॉनवर मातीचे छोटे ढीग दिसायला लागतात, मधोमध एक भोक, अगदी पिटुकला ज्वालामुखी. हे काम अँड्रेना फुल्व्हा या मधमाशीचं. मादी वरून दाट तांबूस केसांची, तोंड आणि पोटाखालची बाजू काळी. पोळं वगैरे भानगड नाही, प्रत्येकीचं आपापलं बीळ. फुल्व्हा म्हटलं की आपल्याला फूल आठवतं पण लॅटिनमध्ये तो रंग आहे, पिंगट-तांबूस. आणि अँड्रेना हा शब्द ग्रीकमधल्या गांधीलमाशीच्या नावावरून आलाय, म्हणजे बारशालाच घोळ!

आता मागे जाऊ. 1758 मध्ये स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने प्राण्यांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत पक्की केली तेव्हा त्याने झाडून सगळ्या मधमाश्या एपिस या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, कोंबल्या. आपल्या आग्या, सातेरी, फुलोरी आज ज्या एपिसमध्ये आहेत ना, त्यातच भुंगे, त्यातच मातीत बीळ करणाऱ्याही. 1766 मध्ये म्युलरने इटलीतल्या तुरीनच्या किड्यांची यादी छापली, त्यात ही आली एपिस फुल्व्हा म्हणून. मग 1775 मध्ये लिनियसचाच शिष्य फाब्रिसियस, जो किड्यांचं तोंड बघून वर्गीकरण करायचा, त्याने अँड्रेना हा जीनस वेगळा काढला.

पण नाव काही टिकेना. एक तर या माश्यांमध्ये नर-मादी इतके वेगळे दिसतात की त्या काळी कित्येक जातींचे नर आणि माद्या वेगवेगळ्या जाती (स्पीशीज) म्हणून नोंदले गेले, फुल्व्हाचा नर पण सडपातळ, तपकिरी, जबड्याला टोकदार दात, मादीशेजारी ठेवला तर कोणी नवरा-बायको म्हणणार नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक देशात जो तो आपलं नाव ठेवत होता. ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचं 1790 चं आर्माटा, म्हणजे शस्त्रधारी, हे नाव इंग्लिश पुस्तकांत विसाव्या शतकातही चाललं. शेवटी जुनं नाव आधी या नियमाने फुल्व्हा जिंकलं.

मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो कर्बी. इंग्लंडमधल्या सफोकच्या बारहॅम गावचा पाद्री, प्रवचनं सांभाळून माश्या तपासायचा, आणि 1802 मध्ये त्याने इंग्लंडच्या मधमाश्यांवर दोन खंडी ग्रंथ काढला. त्याने जिभेवरून सरळ दोन गट केले, लांब जिभेच्या त्या एपिस आणि आखूड जिभेच्या त्या मेलिट्टा, आणि अँड्रेनाची मंडळी मेलिट्टात. बारीक निरीक्षणाच्या बाबतीत माणूस जबरदस्त, पण गट चुकला. कारण आखूड जीभ ही मधमाश्यांची मूळचीच ठेवण, त्यामुळे ती सारखी आहे म्हणून नातं जवळचं असं म्हणता येत नाही. पुढे 2006 मध्ये डॅनफोर्थ आणि सहकाऱ्यांनी डीएनए वगैरे तपासून दाखवलं की मधमाश्यांच्या वंशवृक्षात बुंध्याशी मेलिट्टिडी हे कूळ (अनेक जीनस मिळून होणारा मोठा गट) बसतं. त्याआधी दोन फाळ्यांची जीभ असलेलं कोलेटिडी सगळ्यात जुनं मानायचे. म्हणजे कर्बीचा गट मोडला पण त्याचं मेलिट्टा हे नाव अजून जिवंत आहे, फक्त दुसऱ्याच माश्यांवर, आणि अँड्रेनाचं स्वतःचं कूळ झालं अँड्रेनिडी.

ओळखायचं कसं? प्रत्येक अँटेनाखाली दोन बारीक शिवणी असतात, बहुतेक इतर कुळांत एकच. आणि मादीच्या डोळ्यांच्या आतल्या कडेला मखमली खोलगट पट्टा. हे सगळं भिंगाखाली, त्यामुळे फोटोवरून नाव विचारणाऱ्यांना तज्ज्ञ नुसतं अँड्रेना एवढंच सांगून सोडतात ते काही आळसामुळे नाही.

कारण जीनस अवाढव्य झालाय, दीड हजाराहून जास्त जाती. त्यामुळे आत सबजीनसचे कप्पे, आणि 2022 मध्ये पिसांती आणि सहकाऱ्यांनी डीएनए बघून ते कप्पेही परत लावले. फुल्व्हाला मात्र याची धास्ती नाही. अँड्रेना हे नाव ज्या जातीला कायमचं बांधलंय ती हेल्व्होला, आणि फुल्व्हा तिच्याच कप्प्यात. उद्या कोणी हा जीनस फोडलाच तर राखाडी सिनेरारियासारख्या दुसऱ्या कप्प्यातल्यांना आडनाव, म्हणजे जीनसचं नाव, बदलावं लागेल, हिला नाही.