ख्रिस्तशरीर संस्कारातील वास्तव उपस्थिती

पवित्र मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनाविधीत, धर्मगुरूने अभिषेकवचने उच्चारल्यानंतर वेदीवरील भाकर आणि द्राक्षरस यांच्या रूपात येशू ख्रिस्त स्वतः, देहाने, रक्ताने, आत्म्याने आणि ईश्वरत्वाने उपस्थित असतो, अशी कॅथलिक पंथाची श्रद्धा आहे. तिला वास्तव उपस्थिती म्हणतात. कॅथलिकांच्या दृष्टीने ख्रिस्ताची ही केवळ आठवण किंवा खूण नाही, तर प्रत्यक्ष तोच आहे.

या श्रद्धेचा आधार क्रुसावरील मृत्यूपूर्वी शिष्यांसह घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने काढलेले ‘हे माझे शरीर आहे’ हे उद्गार होत. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो आणि आपला देह खाण्याविषयी बोलतो, तेव्हा ते वचन कठीण वाटून अनेक शिष्य त्याला सोडून जातात, आणि तरीही तो आपले शब्द मागे घेत नाही. हा प्रसंग कॅथलिक परंपरेने फार महत्त्वाचा मानला आहे, आणि ते योग्यच आहे.

अकराव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील धर्मपंडित बेरेंगार याने भाकरीत असा पालट होतो हे नाकारले, आणि त्यातून झालेल्या वादामुळे नेमक्या शब्दांची गरज भासली. 1215 मध्ये रोम येथे भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने या पालटासाठी द्रव्यांतर या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला. पुढे थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याची मांडणी केली: भाकरीचा रंग, चव, वजन, आकार ही बाह्य लक्षणे तशीच राहतात, परंतु भाकर मुळात जे काही आहे ते बदलते. त्यामुळे भाकरीची तपासणी केली तर गव्हाचे पीठच आढळेल, हा आक्षेप या शिकवणुकीला लागू पडत नाही, कारण तिने मुळातच तसे मान्य केलेले आहे. 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंगली या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांची याच प्रश्नावर चर्चा फिसकटली. ‘आहे’ या एका क्रियापदाचा अर्थ दोघांनी वेगळा लावला होता. ख्रिस्त ‘खरोखर, वास्तवात आणि द्रव्यरूपाने’ उपस्थित असतो, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये निश्चित केले.

भाकरीच्या प्रत्येक तुकड्यात संपूर्ण ख्रिस्त असतो आणि भाकरीचे रूप टिकून आहे तोवर ही उपस्थिती टिकते, अशी शिकवण आहे. उरलेले ख्रिस्तशरीर, म्हणजे अभिषेक झालेली भाकर, म्हणूनच देवळातील खास पेटीत ठेवतात, तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो, आणि भाविक तिच्यासमोर गुडघा टेकतात. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी किमान एक तास उपास पाळावा लागतो. पाणी व औषध यांना मुभा आहे.

सोलापूर जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत पुणे धर्मप्रांतात मोडतो. येथील मराठी वाचकासाठी या विषयात भाषेची एक अडचण आहे. सोलापुरात भाकरी म्हटले की ज्वारीची, त्यातही मालदांडीची, कडक भाकरी डोळ्यांपुढे येते. उलट चर्चच्या नियमाप्रमाणे वेदीवरची भाकर निव्वळ गव्हाचीच असावी लागते, आणि लॅटिन विधीत, म्हणजे कॅथलिकांच्या रोमन उपासनापद्धतीत, ती बिनखमिराची, पातळ, पांढरी चकती असते. तरीही मराठी बायबलने ‘भाकर’ हाच शब्द स्वीकारला, आणि तो अधिक समर्पक म्हणावा लागेल, कारण पोट ज्याच्यावर भरते त्या रोजच्या अन्नाचाच अर्थ मूळ वचनात आहे. दुसरी अडचण प्रसाद या शब्दाची. सिद्धरामेश्वरांच्या नगरीत वाढलेल्या माणसाला ख्रिस्तशरीर म्हणजे प्रसाद असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यातील आदरभाव खराच आहे; मात्र प्रसाद हा देवाला अर्पून त्याच्या कृपेने परत मिळालेला पदार्थ असतो, तर येथे जे हाती येते ते कॅथलिकाच्या श्रद्धेनुसार पदार्थ नसून प्रभू स्वतः असतो.

सोलापुरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने काम केले. या प्रॉटेस्टंट परंपरेत ‘प्रभुभोजन’ हा शब्द रूढ असून तेथे भर ख्रिस्ताच्या स्मरणावर आणि त्याच्याशी होणाऱ्या आत्मिक सहभागावर असतो. दोन्ही परंपरा वाचतात ते वचन एकच आहे. कॅथलिक मिस्सामध्ये धर्मगुरू चकती पुढे धरून ‘ख्रिस्ताचे शरीर’ एवढेच म्हणतो आणि घेणारा ‘आमेन’ म्हणजे ‘तसेच आहे’ असे उत्तर देऊन ती स्वीकारतो.