घन-अवस्था लेसरचे शीतन

स्फटिक किंवा काच हे माध्यम असलेल्या लेसरमध्ये साठणारी उष्णता बाहेर काढण्याच्या पद्धती. दिव्यातून वा डायोडमधून आत सोडलेल्या प्रकाशाचा काही भागच लेसर किरण होऊन बाहेर पडतो. उरलेल्यातला बराचसा माध्यमात उष्णतेच्या रूपाने मागे राहतो. निओडिमियम-यॅग (निओडिमियम मिसळलेले यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिक ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून १०६४ नॅनोमीटरचा देतो. या दोन फोटॉनांच्या ऊर्जेतील सुमारे २४ टक्के फरक यंत्र कितीही उत्तम बांधले तरी टळत नाही. यटर्बियम-यॅगमध्ये (९४० नॅनोमीटर शोषून १०३० देणाऱ्या) हाच फरक जेमतेम ९ टक्के असतो.

उष्णता किती, यापेक्षा ती कोणत्या वाटेने जाते हे अधिक महत्त्वाचे. ती माध्यमाच्या कांडीच्या सर्वांगात निर्माण होते, पण निघते केवळ पृष्ठभागावरून. म्हणून गाभा तापलेला आणि कडा थंड राहतात. यॅगचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) तापमानाबरोबर वाढत असल्याने सपाट टोकांची कांडीही बहिर्गोल भिंगासारखी वागते. हेच औष्णिक भिंग. लेसर चालू केल्यावर स्थिरावेपर्यंत किरणाचा ठिपका आकार बदलताना दिसतो तो बहुधा याच्यामुळे. तापमानातील या फरकाने येणारा ताण फारच वाढला तर पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून कांडी तडकते.

कांडीभोवती काचेची नळी बसवून मधल्या अरुंद फटीतून पाणी खेळवणे ही जुनी आणि आजही भरवशाची पद्धत. पाण्याला वेग हवा. प्रवाह संथ झाला की कांडीलगतचा पाण्याचा थर जाड होतो आणि उष्णता अडवतो. दिव्याची विद्युतअग्रे त्याच पाण्यात असतील तर वीज झिरपू नये म्हणून ते विआयनीकृत, म्हणजे विरघळलेले आयन काढून टाकलेले, लागते. गाळणीतून सुटलेला एखादा कण कांडीवर बसला तर तो प्रखर प्रकाशात तिथेच करपतो. पाणी वाजवीपेक्षा गार करणेही घातक: तापमान दवबिंदूखाली गेले की स्फटिकाच्या तोंडावर दव धरते आणि तिथला नाजूक लेप खराब होऊ शकतो.

डायोडवर चालणाऱ्या लहान लेसरांत स्फटिक इंडियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून तांब्याच्या ठोकळ्यात घट्ट बसवतात. मऊ इंडियम सूक्ष्म फटी बुजवते. फट राहिली तर तांब्याचा काही उपयोग नाही. डायोडचे तापमानही सांभाळावे लागते, कारण दर अंशाला त्याची तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते आणि स्फटिक शोषतो त्या तरंगलांबीपासून दूर जाते.

सर्वांत देखणा उपाय माध्यमाचा आकारच बदलण्याचा आहे. १९९०च्या दशकात श्टुटगार्ट येथे विकसित झालेल्या चकती लेसरमध्ये स्फटिक केवळ शे-दोनशे मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि मागच्या परावर्तक बाजूने शीतकावर चिकटवलेला असतो. उष्णता किरणाच्याच दिशेने वाहते, त्यामुळे आडव्या दिशेत तापमानाचा फरक फारसा पडत नाही आणि भिंग जवळजवळ तयारच होत नाही. काचेचा लांब, बारीक तंतू हेच माध्यम असलेल्या तंतू लेसरमध्ये तीच किमया लांबी आणि बारीकपणा साधतात.

द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्व्हिनला, यॅगची उष्णतावाहकता कित्येक पटींनी वाढते; मात्र त्यासाठी निर्वात पात्राचा खटाटोप करावा लागतो. ब्रिटनच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतील डायपोल लेसरमध्ये माध्यमाच्या पट्ट्यांच्या मधून थंड हेलियम वायू वाहतो. काचेची उष्णतावाहकता मात्र यॅगच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकीच. त्यामुळे अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीतील प्रचंड काचपट्ट्या निवण्यासाठी दोन स्पंदांमध्ये काही तास थांबावे लागते.