दंडाला वाढीचा निरोप कोण देतं?

परभणीतल्या एका तालमीत वस्ताद पोराला सांगत होते, "आधी बैठका घाल. अंगात हार्मोन चढतं, मग दंड आपोआप भरतो." हीच समजूत शहरातल्या चकाचक जिममध्येही ऐकू येते. जड बैठकांनंतर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं हे खरं, पण ते तासाभरात ओसरतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १२ तरुणांवर १५ आठवडे प्रयोग झाला. एका दंडाला नुसता व्यायाम दिला. दुसऱ्याला तेवढाच, पण लगेच पायांचा जड व्यायाम जोडून, म्हणजे हार्मोनच्या भरतीत. २०१० साली निकाल छापून आला: दोन्ही दंड सारखेच वाढले.

मग वाढीचा निरोप देतं कोण? मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते इथेच आहे. स्नायूपेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात, जुनी प्रथिनं मोडून काढणाऱ्या. त्यांच्या पृष्ठभागावर ऱ्हेब हे छोटं प्रथिन असतं. एमटॉर हे दुसरं प्रथिन तिथे येऊन ऱ्हेबला भिडलं, की पेशी नवी प्रथिनं बांधायला घेते. एरवी टीएससी-२ नावाचा ब्रेक ऱ्हेबला दाबून ठेवतो. जेवल्यावर इन्सुलिन येतं आणि एकेटी या मधल्या दुव्यामार्फत हा ब्रेक ढिला करतं. वजनाचा ताण पडला तरी हाच ब्रेक लायसोसोमवरून बाजूला सरकतो, आणि त्यासाठी एकेटीची गरज लागत नाही! हार्मोन रक्तातून अंगभर फिरतं. ताण मात्र ज्या स्नायूवर पडला, त्याच्यापुरताच. मोंढ्यात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात, त्या ओझ्यामुळे.

ब्रेक सुटला तरी एमटॉरला लायसोसोमपर्यंत यावं लागतं. त्याची वाट मोकळी करतं ल्युसिन. डाळ, दूध, अंडी, सोयाबीन यांतलं हे अमिनो आम्ल (प्रथिनाची एक वीट) सेस्ट्रिन-२ या पहारेकऱ्याला चिकटतं आणि त्याला दूर करतं.

टेस्टोस्टेरॉन निरुपयोगी आहे असं नाही. पेशीत त्याला पकडणारा ग्राहक रेणू पेशीकेंद्रात जाऊन जनुकं चालू करतो, पण ते काम संथ, दिवसांच्या हिशेबाचं असतं. बाहेरून टोचलेल्या मोठ्या मात्रेने स्नायू फुगतात खरे. मात्र मेंदूतली पीयूष ग्रंथी वृषणांना आदेश देणं थांबवते आणि शरीराचं स्वतःचं उत्पादन बंद पडतं. वीर्य गेलं की ताकद गेली, या भीतीत तर कित्येक पोरं उगाच झुरतात. टेस्टोस्टेरॉन वृषणातून थेट रक्तात उतरतं, वीर्यात साठून राहत नाही.

तालमीतून आल्या आल्या महागड्या डब्यातली पावडर घेतली नाही तर मेहनत वाया जाते, हेही खरं नाही. व्यायाम झालेला स्नायू किमान एक दिवस ल्युसिनला जास्त प्रतिसाद देतो. सकाळच्या जोर-बैठकांना रात्रीचं वरण आणि ज्वारीची भाकरीही उपयोगी पडते.