रसायनविरहित गूळ (कोल्हापूर परिसर)

उसाचा रस शिजवताना रंग उजळवणारी रसायने न घालता केलेला गूळ म्हणजे रसायनविरहित गूळ. दुकानात 'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'देशी', 'काळा' ही नावे त्याला सरसकट चिकटवलेली दिसतात. पण सेंद्रिय गूळ ही वेगळी गोष्ट. त्यासाठी ऊसही रासायनिक खते-औषधांशिवाय पिकवलेला आणि तसे प्रमाणपत्र असलेला लागतो. रासायनिक खतावरच्या उसाचा गूळ रसायनविरहित असू शकतो, आणि उत्तम सेंद्रिय ऊस गुऱ्हाळात रंग उजळवणाऱ्या चिमूटभर पावडरीने वाया जाऊ शकतो. या नोंदीत दोन्हींचा विचार आहे, कारण अडचण दोन्हींची एकच आहे : गुळाचा भाव रंगावर ठरतो.

बाजारपेठ आणि रंग

पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांच्या काठची जमीन, तिथले पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे गुळवे (गूळ शिजवणारे कारागीर) यांमुळे कोल्हापुरी गुळाचे नाव झाले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवल्यावर गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. आज सौदे शाहू मार्केट यार्डात होतात. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मोठा ग्राहक पहिल्यापासून गुजरातचा व्यापारी. तो हंगामात माल उचलून शीतगृहात ठेवतो आणि वर्षभर विकतो.

सौद्यात अडत्याच्या दारात रव्यांची (गुळाच्या ढेपांची) थप्पी लागलेली असते. व्यापारी एका रव्याचा कोपरा टोकरतो, कण बोटांत चुरडून पाहतो, जिभेवर ठेवतो, आणि थप्पीवरून नजर फिरवून बोली लावतो. कण आणि चव तपासायला एक रवा फोडावा लागतो. रंग मात्र शंभर रव्यांचा एका नजरेत दिसतो. म्हणून पिवळाधमक माल वर जातो, तांबूस त्याच्या खाली आणि काळपट सर्वांत तळाला. तो काळा का, याला सौद्यात जागा नाही. जळालेला गूळ आणि निगुतीने केलेला रसायनविरहित गूळ एकाच भावात जातात.

हा पिवळा रंग बहुधा हायड्रॉसचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा असतो. ही पांढरी पावडर रसातली रंगद्रव्ये तात्पुरती फिकी करते. हवेशी संबंध आला की काही आठवड्यांत रंग परत गडद होऊ लागतो आणि मागे गंधकाचा अंश राहतो. अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि गुळात घालण्यास परवानगी असलेल्या पदार्थांत हायड्रॉस नाहीच.

गुऱ्हाळवाला ते घालतो त्याचे कारण निव्वळ हव्यास नव्हे. लोळलेला ऊस, तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस, क्षारपड रानातला ऊस किंवा उशिरापर्यंत युरिया खाल्लेला ऊस, या सगळ्यांचा गूळ काळा आणि मऊ होतो. हायड्रॉस ही चूक झाकते आणि वाईट उसाला चांगल्या उसाचा भाव मिळवून देते. ते सोडायचे तर आधी ऊस नाकारायला शिकावे लागते. रसायनविरहित गुळाचा खरा जादा खर्च इथून सुरू होतो, आणि तो कोणत्याही लेबलवर दिसत नाही.

ऊस

गुळासाठी को ९२००५, को ८०१४ (महालक्ष्मी), कोसी ६७१ या जाती चांगल्या मानतात. को ८६०३२ (निरा) सर्वत्र असल्याने तिचाही गूळ होतो. ऊस पूर्ण पक्व हवा, तोडणीआधी पाणी तोडलेले हवे, आणि तोडल्यावर २४ तासांच्या आत गाळला पाहिजे. त्यापुढे साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतात. हे पाणी ओढतात, त्यामुळे गूळ बसत नाही आणि बसला तरी पावसाळ्यात पघळतो.

सेंद्रिय ऊस करताना पहिला प्रश्न नत्राचा. सुरू (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, आडसालीला (जुलै-ऑगस्टच्या लागणीला) ४०० किलोची. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे केवळ शेणखतावर सुरू ऊस घ्यायचा तर हेक्टरी ५० टन, एकरी २० टन खत लागेल. एवढी जनावरे कुणाच्याच गोठ्यात नाहीत. त्यामुळे व्यवहारात लागणीआधी ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके गाडणे, साखर कारखान्यातल्या मळीचे कंपोस्ट, पेंड, सरीत कडधान्याचे आंतरपीक आणि खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकात) पाचट, म्हणजे वाळलेली पाने, न जाळता आच्छादन, अशी जुळवाजुळव करतात. पाचटाचा फायदा ओलावा टिकण्यात लगेच दिसतो, नत्रात मात्र उशिरा. उलट कुजताना ते सुरुवातीला जमिनीतले नत्र ओढून घेते, म्हणून पाचटावर शेणस्लरी किंवा कंपोस्ट टाकावेच लागते. हे टाळल्याने खोडवा पिवळा पडतो आणि 'सेंद्रियाने नुकसान झाले' असा निष्कर्ष निघतो. पहिली दोन-तीन वर्षे उतारा, म्हणजे उसाचे एकरी उत्पादन, घटतोच. तो न धरता केलेला हिशेब हा या शेतीतला सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे.

काहिलीवर

रस गाळून काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) घेतात. एका वेळी शिजणाऱ्या रसाला आदण म्हणतात. ताज्या रसाचा सामू (पीएच) ५.२ ते ५.४ असतो, चुन्याच्या निवळीने तो ६ च्या थोडा वर नेतात. चुना कमी पडला तर गूळ मऊ, जास्त झाला तर काळा आणि चवीला खारवट. मळी, म्हणजे रसातला गाळ, काढण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस घालतात : १,००० लिटर रसाला साधारण २ किलो हिरवी झाडे ठेचून पाण्यात भिजवायची, चोळून गाळायची आणि रस तापू लागल्यावर ओतायचे. मळी वर येऊन घट्ट थर झाला की उकळी फुटण्याआधी झाऱ्याने काढायची. उकळी फुटली की तीच मळी रसात परत मिसळते, आणि मग रंग कशानेही सुधारत नाही. मोठ्या गुऱ्हाळात दिवसाला ठरावीक आदणे पाडण्याची घाई असते, तिथे हीच पायरी आखडली जाते. रसायनविरहित गुळात प्रत्येक आदणामागे मळी काढण्याला जो जादा वेळ जातो, तो मजुरीत मोजावा लागतो.

पुढे जाळ जोरात ठेवून पाणी उडवायचे, फेस आला तर थोडे तेल शिंपडायचे, आणि पाक ११८ अंश सेल्सिअसला पोचला की काहील उतरवायची. काकवी (पातळ गूळ) हवी असेल तर १०५-१०६ अंशांवरच थांबतात. गुळव्या तापमापक वापरत नाही. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो, ती टणक वाजली की आदण झाले. वाफ्यात (उथळ हौदात) पाक घोटून निववायचा आणि कापड घातलेल्या भांड्यात भरायचा. टनभर उसापासून १०० ते १२० किलो गूळ पडतो.

प्रमाणन

दोन वाटा आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली (एनपीओपी) बाहेरची प्रमाणन संस्था तपासणी करते. निर्यातीला हेच लागते. वार्षिक पिकांना पेरणीपूर्वी दोन वर्षांचा, बहुवार्षिक पिकांना पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षांचा रूपांतर काळ असतो. दुसरी वाट पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभाग हमी पद्धत. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. खर्च कमी, पण शेजाऱ्याच्या रानात युरियाची पिशवी दिसली तर ती नोंदवण्याचे धैर्य लागते. १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही.

घोडे अडते ते गुऱ्हाळाशी. ऊस सेंद्रिय, पण गुऱ्हाळ भाड्याचे. आधीच्या आदणात हायड्रॉस पडले असेल तर काहील, वाफा, झारे, कापड सगळे धुवावे लागते, आणि गुऱ्हाळमालकाला तेवढा वेळ परवडत नाही. तोड म्हणून गट सकाळचे पहिले आदण किंवा हंगामातले ठरावीक दिवस बांधून घेतात.

हिशेब

खालील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत; गावानुसार आणि वर्षानुसार ते बदलतील, पण त्यांचे एकमेकांशी नाते फारसे बदलत नाही.

गुळाचा तळभाव साखर कारखाना ठरवतो. २०२४-२५ च्या हंगामात उसाचा सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर-उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होता. कारखाना एवढे देत असेल तर गुऱ्हाळवाल्यालाही ऊस त्याहून स्वस्त मिळत नाही. साधा ऊस तोडून गुऱ्हाळापर्यंत टनाला ३,६०० रुपये, गाळप-मजुरी-बांधणी १,२००, गूळ ११० किलो : किलोला सुमारे ४४ रुपये पडतात. सौद्यात भाव ४० ते ४५ निघाला तर गुऱ्हाळे बंद का पडतात ते वेगळे सांगायला नको.

आता सेंद्रिय. उतारा घटल्याने टनाचा खर्च ४,४०० धरू, सावकाश शिजवण्याचे १,५००, आणि ऊस निवडून, मळी नीट काढून गूळ १०५ किलो : किलोला ५६ रुपये. म्हणजे शेतात आणि काहिलीवर मिळून फरक फक्त १२ रुपयांचा. त्यावर एक किलोचे पाकीट ७, वाहतूक ५, पघळणे-बुरशीची तूट ३, सहा महिने अडकलेल्या पैशाचे व्याज ३ : झाले ७४. दुकानदाराने विक्रीच्या २५ टक्के घेतले की ९९. पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे; तो धरून १०४.

ग्राहकाला ६० चा सुटा गूळ आणि १०४ चे पाकीट शेजारीशेजारी दिसते, आणि त्याला वाटते की सेंद्रिय शेती फार महाग पडते. महाग पडते ती विक्री. म्हणून ज्या शेतकऱ्याचा गूळ हंगामातच संपतो त्याचे गणित जमते : पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून नोव्हेंबरमध्ये वर्षाची मागणी नोंदवून पाच किलोच्या ढेपा पोचवल्या तर पाकीट, दुकानदार आणि व्याज तिन्ही गळतात, आणि ७० रुपयांनाही गूळ देता येतो. जत्रा-प्रदर्शनातली विक्री फसवी असते. तिथे किलोभर हौसेने घेणारा मार्चमध्ये परत फोन करीलच असे नाही.

गिऱ्हाईक

पिवळ्या गुळाची आवड पुरणपोळीशी जोडलेली आहे. काळ्या गुळाचे पुरण मळकट दिसते आणि सणाच्या ताटात ते कुणाला नको असते. संक्रांतीच्या तिळगुळाला तांबूस चालतो. चिक्कीला रंगापेक्षा कडकपणा महत्त्वाचा. म्हणजे एकच घर दोन रंगांचे गूळ दोन कामांसाठी घेते, हे विक्रेत्याने ओळखायला हवे. सरसकट 'काळा खा' सांगून उपयोग नाही.

शहरात उलटी समजूत रुजली आहे : काळा म्हणजे सेंद्रिय. याचा फायदा घेऊन करपवलेला किंवा जुना काळवंडलेला गूळ चढ्या भावाने खपवला जातो. चांगला रसायनविरहित गूळ काळा कुळकुळीत नसतो. नीट मळी काढलेला तो सोनेरी-तपकिरी उतरतो. साखर स्वस्त असते तेव्हा गुळात साखर मिसळण्याचेही फावते, आणि ती सहज पकडता येत नाही, कारण मानकांत साखरेची फक्त किमान मर्यादा आहे (सुक्रोज किमान ६० टक्के). मिसळलेला माल त्या परीक्षेत आणखी चांगल्या गुणांनी पास होतो.

सर्वांत जास्त तक्रार येते ती चहाची. गुळाच्या चहात दूध फाटले की ग्राहक भेसळीचा संशय घेतो. कारण साधे आहे : गूळ आंबट बाजूचा असतो आणि उकळत्या दुधात तो आंबटपणा पुरेसा ठरतो. दूध घालून चहा उकळून घ्यावा, गॅस बंद करावा, मिनिटभर थांबून मग गूळ घालावा. हे एक वाक्य पाकिटावर छापले तर माल परत येणे बरेच कमी होते.

साठवण आणि पावडर

पावसाळा हा या गुळाचा शत्रू. ओलावा ५-६ टक्क्यांच्या आत असेल, ढेप आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग खोक्यात भरली असेल आणि खोली कोरडी असेल तर तो टिकतो. गोणपाटात ठेवलेला जुलैत घाम फोडतो. वर पांढुरकी बुरशी दिसली की किरकोळ दुकानदार तो परत पाठवतो आणि तूट शेतकऱ्याच्या अंगावर येते. शीतगृहाचे भाडे मोठ्या व्यापाऱ्याला परवडते, दोन-चार टनांच्या धन्याला नाही.

यावर निघालेली वाट म्हणजे गूळ पावडर. त्यासाठी पाक १२० ते १२२ अंशांपर्यंत नेतात, वाफ्यात निवताना लाकडी फावड्याने सतत घासून कण मोकळे करतात, चाळतात आणि ओलावा २ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवतात. ती टिकते, मोजून घालता येते, रंगाची तुलनाही होत नाही, कारण तिच्या शेजारी पिवळी ढेप ठेवलेली नसते. पण ती फक्त ताज्या, पक्व, कमी विघटन झालेल्या उसाचीच होते. शिळ्या उसाचा पाक घासताना लगदा होतो, आणि मग त्या आदणाच्या ढेपा पाडून सौद्याला पाठवण्यावाचून मार्ग उरत नाही.