मीठपाणी

घाम, जुलाब किंवा उलट्यांवाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी प्यायचे मीठ घातलेले पाणी. नुसते मीठपाणी, घरचे मीठ-साखर-पाणी आणि पाकिटातली जलसंजीवनी (ओआरएस) यांना बोलताना एकाच मापाने मोजले जाते; प्रत्यक्षात पहिल्याचे काम बाकीच्या दोघांइतके होत नाही.

कारण आतड्यात आहे. लहान आतड्याच्या अस्तरातले एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत ओढते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. कॉलऱ्यात आतडे पाणी बाहेर टाकत असते, तेव्हाही ही वाट चालू राहते. म्हणजे साखर चवीसाठी नसते. साखरेशिवाय नुसते मीठपाणी पाजत राहिल्यास त्यातले बरेचसे तसेच बाहेर पडते.

याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव (पश्चिम बंगाल) येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेवाटे द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवून ठेवले. नातेवाईकच ते मगात भरून रुग्णाला पाजत. आधी शंभरातले सुमारे तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पन्नास वर्षे उशिराच म्हणायचे. पुढे १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका बांगलादेशात घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात कालवायला शिकवत.

सध्याच्या प्रमाणित पाकिटात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि सहा लहान चमचे साखर घालावी. चमचे सपाट हवेत, शिगेचे नव्हेत. चूक होते ती इथेच: मीठ जास्त पडले तर लहान मुलाच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीवर चढू शकते. चव पाहावी, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून द्यावे. विष पोटात गेलेल्याला उलटी व्हावी म्हणून दाट मीठपाणी पाजतात, तेही याच कारणाने घातक आहे.

आपल्याकडची जुनी पेये या हिशेबात चांगली बसतात. कोकण-गोव्यातली मीठ घातलेली पेज घ्या: तांदळाचे पिठूळ (स्टार्च) पचून हळूहळू ग्लुकोज सुटते, मीठ सोडियम देते, आणि सोबत मिठातली कैरी असतेच. ताक घातलेली ज्वारीची आंबील आणि विदर्भातल्या उन्हाळ्यातले पन्हे त्याच जातीचे. शहाळ्याचे पाणी मात्र वेगळे. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडे.

रोज सकाळी उपाशीपोटी सैंधवाचे पाणी पिण्याची टूम अलीकडची. सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइडच. इतर खनिजे इतकी अल्प की त्यासाठी ते पिण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ खावे. भाजी, लोणचे, पापड, फरसाण यांतून आपल्या पोटात याहून बरेच जास्त जाते. भर उन्हात ऊस तोडणाऱ्याची किंवा भट्टीपुढे राबणाऱ्याची गोष्ट निराळी: लिटरभर घामाबरोबर ग्रॅम-दोन ग्रॅम, कधी त्याहून अधिक मीठ जाते, आणि वर नुसतेच पाणी ढोसले तर पायांत गोळे येतात. पंख्याखाली बसणाऱ्याला असा तोटा होत नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.