नाशिक, देवळाली, ओझर : उच्चार कुठे बदलले

नाशिक की नासिक हा वाद निघाला की इंग्रजांनी नाव बिघडवले असे सहज म्हटले जाते. १८८३ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये शहराचे नाव 'स'चे आहे हे खरे. परंतु पांडवलेण्यांतील प्राकृत शिलालेखातही नाशिककरांचा उल्लेख 'स'नेच येतो, म्हणजे हे रूप इंग्रजांच्या कितीतरी आधीचे आहे. इकाराआधीच्या 'स'चा 'श' करणे ही मराठीची जुनी रीत आहे. हिंदीत सीना, सीझना, तर मराठीत शिवणे, शिजणे; त्याच वळणाने नासिकचे नाशिक झाले. त्यामुळे हिंदी भाषक 'नासिक' म्हणतो तेव्हा तो चुकतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, मात्र इथल्या माणसाच्या तोंडचे नाव नाशिकच आहे आणि सरकारी इंग्रजी लेखनातही ते उशिरा का होईना आले, हे योग्यच झाले.

देवळालीची हानी मात्र अधिक खोल आहे. रोमन लिपीत 'ळ'ला अक्षर नाही, शिवाय इंग्रजी लेखनात 'देव'चा 'देओ' झाला, म्हणून कागदावर 'देओलाली' उरले. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या लष्करी तळावर महिनोन्महिने अडकलेल्या गोऱ्या सैनिकांनी त्याचेही 'डूलॅली' केले, आणि इंग्रजी बोलीत तो शब्द डोके फिरलेल्या माणसासाठी रूढ झाला. गावाच्या नावाची याहून मोठी विटंबना नाशिक जिल्ह्यात दुसरी नसावी. स्थानिकांनी देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प हा भेद राखला असून बोलताना नुसते 'कॅम्प' म्हटले तरी भागते. बाहेरचा प्रवासी मात्र रोमन पाटी वाचून 'देवलाली'च विचारतो. पिंपळगाव आणि कळवण यांचेही तसेच होते. इतर भारतीय भाषांचे उच्चार लिहिता यावेत म्हणून वाढवलेल्या देवनागरी वर्णमालेत 'ळ' असूनही हिंदी मजकुरात बहुधा 'ल'च छापला जातो, त्यामुळे सगळा दोष रोमन लिपीवर टाकता येत नाही.

ओझरचे उलट आहे. तिथला 'झ' दातांजवळचा, म्हणून इंग्रजी 'झेड' वाचणारा मूळ उच्चाराच्या बराच जवळ जातो, तर देवनागरी पाटी वाचणारा हिंदी भाषक 'झरना'तला 'झ' उच्चारून दूर जातो. पेठ तालुक्याचे नाव जुन्या इंग्रजी कागदांत 'पेइंट' असे येते. तो अनुस्वार गावात कुणाच्या तोंडी नाही.

आता मोबाईलच्या नकाशातला आवाज रोमन अक्षरांवरून नावे वाचतो तेव्हा जुन्या लेखनातली हीच उणीव नव्या वाटसरूच्या कानी पडते. नकाशात मराठी नावे मूळ देवनागरीत नोंदवून उच्चार त्यावरूनच घेतला, तर देवळालीचा 'ळ' निदान तिथे तरी टिकेल.